स्पिंडल थरथरते? बेअरिंग बदलण्याआधी एवढे तपासा

आमचा धंदा कापडाचा. मशीन दुरुस्त करणे हे आमचे काम नव्हे. तरी हा लेख लिहिण्याची पाळी आली, कारण घरी जुळवलेल्या कोरीवकामाच्या सीएनसी मशीनने आमच्या घरातले सात-आठ महिने, बराच पैसा आणि एक जुने गिऱ्हाईक जवळजवळ खाऊन टाकले. शेवटी दोष निघाला तो एका अगदी लहान आणि स्वस्त वस्तूत. मुंब्रा-कौसा, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर या पट्ट्यात आज कितीतरी तरुण अशी मशीन स्वतः जुळवतात. कोणी एमडीएफच्या जाळ्या कापतो, कोणी अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या कोरतो, कोणी छपाईचे लाकडी ठसे बनवतो. त्यांतल्या बहुतेकांची तक्रार एकच असते : स्पिंडल थरथरते आणि माल खराब येतो. आमचा तजुर्बा त्यांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्याकडे काय झाले

कौसा येथे आमच्या भाच्याने चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा, तीन स्टेपर मोटर आणि बॉल स्क्रू घेऊन मशीन उभी केली. खास स्पिंडल महाग पडते म्हणून त्याच्या जागी लाकूडकामाचा हातट्रिमर बसवला. असा ट्रिमर मिनिटाला २५ ते ३० हजार फेरे घेतो आणि लहान कामाला चालतो. ड्रेस मटेरियलवर छपाई करणाऱ्या आमच्या एका ओळखीच्या कारखानदाराने सागवानी ठशांचे काम दिले. ते काम भाच्याच्या नावावर नव्हे, आमच्या शब्दावर मिळाले होते.

पहिले ठसे परत आले. ज्या वेलीची रेघ नकाशात १ मि.मी. जाड होती, ती प्रत्यक्षात ०.७ मि.मी. उरली होती. काही देठ तर पहिल्या छपाईतच तुटले. शिवाय खाचेची खोली सुरुवातीला बरोबर आणि शेवटी जास्त येत होती. मशीन चालू असताना ट्रिमर इतका थरथरे की टेबलावरचा चहाचा पेला सरकत जाई.

भाचा म्हणाला, "मामू, बेअरिंग गेलं असणार." बेअरिंग बदलले. फरक नाही. "बेअरिंगच खराब निघालं असेल." पुन्हा मशीदबंदरला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठला, चांगल्या प्रतीचे बेअरिंग आणले आणि बदलले. तरीही फरक नाही. मग एका संध्याकाळी चालू मशीनमधून बिट सुटले आणि समोरच्या दाराच्या प्लायवूडमध्ये जाऊन रुतले. मिनिटभरापूर्वी तिथे भाच्याचा बारा वर्षांचा भाऊ उभा होता. त्या दिवशी आम्ही मशीन बंद करायला लावली आणि भंगारात घालावी असे मनात आणले.

त्याआधी एकदा डोंबिवली एमआयडीसीतील आमच्या ओळखीच्या लेथवाल्या उस्तादांकडे ट्रिमर नेला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही. बिटाचा दांडा व्हर्नियरने मोजला, मग कॉलेट हातात घेऊन बघितले आणि म्हणाले, "शेठ, बिट सहा एमएमचं आणि कॉलेट दोन सुताचं. बेअरिंगचा काय गुन्हा?"

दोन सूत म्हणजे पाव इंच, म्हणजे ६.३५ मि.मी. दांडा ६ मि.मी. मधली ०.३५ मि.मी.ची फट नट आवळून वरवर भरून निघत होती, पण कॉलेट दांड्याला सगळीकडून न धरता एका कडेने धरत होते. त्यामुळे बिट मध्यावर फिरत नव्हते. कारखान्यांच्या भाषेत ते "आऊट मारत" होते. रेघ बारीक होणे, खोली वाढत जाणे, थरथर आणि शेवटी बिट सुटणे, या चारही गोष्टींचे मूळ तेच होते. खोली वाढत होती, कारण बिट काम करता करता खाली सरकत होते. हे आम्हाला आधीच उमगायला हवे होते.

थरथर येते कोठून

फिरणाऱ्या वस्तूचे वजन मध्यापासून जरा जरी एका बाजूला असले, तरी ती वस्तू त्या बाजूला ओढ घेते. ही ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट. हिशेब असा : मध्यापासून १० मि.मी. अंतरावर फक्त १ ग्रॅम वजन जास्त असेल, तर मिनिटाला १२,००० फेऱ्यांना सुमारे १.६ किलो वजनाएवढी ओढ बसते. २४,००० फेऱ्यांना तीच ओढ ६.४ किलो होते आणि तिची दिशा सेकंदाला ४०० वेळा गोल फिरते. म्हणून कमी वेगात शांत असलेले स्पिंडल वेग वाढवताच ओरडू लागते.

कापडाच्या धंद्यातल्या लोकांना ही गोष्ट नवी नाही. सूतगिरणीत ज्याला मराठीत चाती आणि आमच्या उर्दू शाळेत तकला म्हणत, ते स्पिंडलच होय. सुताची बॉबिन कधीच अगदी समतोल नसते, म्हणून जुन्या चात्या जास्त वेगात थरथरत. १८७० च्या दशकात अमेरिकेत सॉयर आणि रॅबेथ यांच्या नावाच्या चात्या निघाल्या. रॅबेथच्या चातीत बेअरिंगला थोडी मोकळीक ठेवली, म्हणजे चाती फिरता फिरता स्वतःचा मध्य स्वतः शोधून घेते. त्यामुळे गिरण्यांचा वेग वाढला. परंतु कोरीवकामात ही युक्ती चालत नाही. सूत कातणाऱ्या चातीने जरा जागा बदलली तर सुताचे काही बिघडत नाही, पण कोरणाऱ्या बिटाने केसभर जागा बदलली तर नक्षी बिघडते. म्हणून इथे स्पिंडल घट्टच धरावे लागते आणि दोष मुळातच शोधावा लागतो.

दोष शोधण्याचा क्रम आम्ही पुढे देत आहोत. तो फुकट तपासणीपासून महाग तपासणीकडे जातो. आम्ही नेमके उलट केले आणि नुकसान सोसले.

पहिली तपासणी : कॉलेट आणि बिट

मशीनची वीज काढा. बिट, नट आणि कॉलेट तिन्ही काढून ठेवा आणि मग स्पिंडल रिकामे चालवा. आवाज शांत आणि थरथर नाहीशी झाली, तर बेअरिंगला हात लावू नका. दोष तुम्ही काढून ठेवलेल्या तीन वस्तूंपैकी एकात आहे. ही एक मिनिटाची तपासणी आम्ही केली असती, तर दोन वेळचे बेअरिंगचे पैसे वाचले असते.

बिटाचा दांडा व्हर्नियरने मोजा आणि त्याच मापाचे कॉलेट घ्या. ६ ला ६, ६.३५ ला ६.३५. तसेच ३.१७५ मि.मी. म्हणजे एक सूत, ते ३ मि.मी. नव्हे. कॉलेटच्या आत लाकडाचा भुसा किंवा चिकटा राहिला तरी बिट तिरपे बसते, म्हणून कॉलेट आणि त्याची शंकूच्या आकाराची बैठक सुक्या ब्रशने साफ करावी. ईआर जातीचे कॉलेट असेल तर ते आधी नटमध्ये टिचकन बसेपर्यंत दाबावे आणि मग नटसह स्पिंडलला लावावे. कॉलेट स्पिंडलमध्ये टाकून वरून नट आवळला तर ते वाकडे बसते. बिटाशिवाय नट कधीही आवळू नये, त्याने कॉलेट कायमचे चेपते.

मध्य बरोबर आहे का हे पाहण्यासाठी डायल गेज लागतो. सरळ गोल दांडा कॉलेटमध्ये धरावा, डायलची सुई त्याला टेकवावी आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवावे. सुई ०.०२-०.०३ मि.मी. हलली तर घरच्या मशीनला ते ठीक आहे. ०.१० च्या पुढे गेली तर काम चांगले येणारच नाही. डायल नसेल तर दुसरा उपाय आहे. टाकाऊ फळीवर एका फेरीत एक सरळ खाच कापा आणि तिची रुंदी मोजा. बिट ३ मि.मी.चे आणि खाच ३.३ मि.मी.ची, तर तेवढा बिट आऊट मारतो असे समजावे. आमचे माप हेच होते. दोन खाचांच्या मधली रेघ दोन्ही बाजूंनी ०.१५ मि.मी. खाल्ली जाई, म्हणून १ ची ०.७ झाली.

बिट बाहेर किती काढता तेही महत्त्वाचे आहे. बाहेर आलेली लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच जोराने बिट आठपट वाकते. जाडीचा परिणाम याहून मोठा आहे. ६ मि.मी.चा दांडा ३.१७५ च्या दांड्यापेक्षा सुमारे तेरापट ताठ असतो. म्हणून कामाला लागेल तेवढेच बिट बाहेर ठेवावे आणि जमेल तिथे जाड दांड्याचे घ्यावे.

दुसरी तपासणी : मालावरच्या खुणा मोजा

कॉलेट बदलल्यावर आमच्या खाचेची रुंदी बरोबर आली, ठशाची रेघ जाड झाली. पण कडेला आरीसारखे बारीक दात राहिले. इथे उस्तादांनी आम्हाला दुसरा धडा दिला : यंत्र काय म्हणते ते मालावर लिहिलेले असते, फक्त वाचता आले पाहिजे.

दातांमधले अंतर मोजायचे. १० मि.मी.मध्ये ४० दात होते, म्हणजे दर दात ०.२५ मि.मी. मशीनचा फीड मिनिटाला १५०० मि.मी., म्हणजे सेकंदाला २५ मि.मी. होता. २५ ला ०.२५ ने भागले की १०० येतात. म्हणजे काहीतरी सेकंदाला १०० वेळा हलत होते. ट्रिमर त्या वेळी मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर होता, म्हणजे सेकंदाला ३००. हे दोन आकडे जुळत नाहीत, तेव्हा हलणारी वस्तू ट्रिमरचा शाफ्ट नव्हे, दुसरीच काही आहे.

यावरून तीन सोपे नियम लक्षात ठेवावेत.

१) स्पिंडलचा वेग बदलला की खुणांचे अंतर उलट प्रमाणात बदलते, तर दोष स्पिंडल, कॉलेट किंवा बिटात आहे.

२) स्पिंडलचा वेग बदलूनही अंतर तसेच राहते, पण फीड वाढवला की अंतर वाढते, तर मशीनचा सांगाडा किंवा एखादा सैल भाग आपल्या स्वतःच्या तालाने हलत आहे.

३) स्पिंडलचा वेग बदलला, फीड बदलला, तरी अंतर तेच राहते, तर दोष स्क्रू किंवा पट्ट्यात आहे. एका फेऱ्यात ५ मि.मी. सरकणारा स्क्रू वाकडा असेल, तर दर ५ मि.मी.ला खूण येईल.

भिवंडीच्या एका परिचिताकडे रेघेवर दर १२-१३ मि.मी.ला हलकी लाट येत होती. सेकंदाला २५ मि.मी. फीडला हे सेकंदाला दोन धक्के झाले, म्हणजे मिनिटाला १२०. मागाच्या कोणत्याही माणसाला हा ताल ओळखीचा आहे. त्याची मशीन माळ्यावर होती आणि खाली साधे पॉवरलूम चालत होते. एका दुपारी माग दुरुस्तीसाठी बंद ठेवले तेव्हा रेघ स्वच्छ आली. त्याने मशीन तळमजल्यावरच्या जाड काँक्रीटच्या ओट्यावर हलवली आणि पायांखाली रबर घातले. स्पिंडलला हातही लावावा लागला नाही.

तिसरी तपासणी : सांगाडा आणि पकड

आमचा दोष दुसऱ्या नियमात बसला. वीज काढून ट्रिमरला हाताने पुढे-मागे ढकलले, तेव्हा डायलची सुई लगेच हलली. ट्रिमर ज्या प्लेटवर होता ती प्लेट ६ मि.मी.ची आणि रेलपासून बरीच पुढे आलेली होती. प्लेटची जाडी दुप्पट केली तर ताठपणा आठपट होतो, हा हिशेब वरच्यासारखाच आहे. १२ मि.मी.ची प्लेट लावली, ट्रिमर रेलच्या जवळ घेतला आणि एका कड्याऐवजी वर-खाली दोन कडी दिली. दात जवळजवळ गेले.

याबाबत काही सूचना कराव्याशा वाटतात. सर्व बोल्ट एकेक करून तपासावेत, कारण थरथरीने बोल्ट सैल होतात आणि सैल बोल्टाने थरथर वाढते. लाकडाच्या किंवा एमडीएफच्या सांगाड्यात पावसाळ्यानंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. स्पिंडल आणि त्याच्या कड्याच्या मध्ये रबर घालण्याची चूक अनेक जण करतात. त्याने आवाज कमी होतो, पण बिट अधिक हलते. रबराची जागा मशीनच्या पायाखाली आहे, स्पिंडलभोवती नव्हे. कडे फार आवळले तर स्पिंडलचे नळकांडे चेपते आणि बेअरिंग तापते, तेव्हा तेही जपून. पोकळ पाइपचा सांगाडा घुमत असेल तर त्यात कोरडी बारीक वाळू गच्च भरावी. हा उपाय स्वस्त आहे आणि घुमणे बरेच कमी होते. शेवटी, कोरायचे लाकूडच नीट आवळलेले नसेल तर उत्तम स्पिंडलही दातच पाडणार.

चौथी तपासणी : बेअरिंग आणि ड्राइव्ह

रिकामे स्पिंडलही थरथरले तरच बेअरिंगकडे वळावे. वीज काढून स्पिंडल हाताने फिरवा. वाळू असल्यासारखी खरखर लागली, किंवा शाफ्ट वर-खाली ढकलल्यावर ढील जाणवली, तर बेअरिंग खरोखर गेले आहे. गिरणीतले जुने फिटर लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक मशीनच्या अंगाला आणि मूठ कानाला लावून बेअरिंग ऐकत. ही पद्धत आजही चांगली आहे, मात्र टोक फिरणाऱ्या भागापासून दूर ठेवावे.

खास स्पिंडलमध्ये कोनीय स्पर्शाची बेअरिंग जोडीने असतात आणि त्यांची तोंडे ठराविक दिशेनेच बसवावी लागतात. ती हातोडीने ठोकून बसवली की बसवतानाच खराब होतात. ग्रीस कोंबून भरू नये, मोकळ्या जागेच्या पाव ते एक तृतीयांशच भरावे. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. समतोल साधण्याचेही तसेच आहे. आयएसओच्या जी २.५ श्रेणीप्रमाणे २४,००० फेऱ्यांना वजनाचा मध्य फिरण्याच्या मध्यापासून सुमारे एक हजारांश मिलिमीटरच्या आत असावा लागतो. घरी चिकटपट्टी लावून हे होत नाही.

ड्राइव्हवर चालणारे स्पिंडल असेल तर आणखी एक तपासणी आहे. ड्राइव्हमध्ये मोटर आपोआप फिरत थांबेल अशी सेटिंग करावी, स्पिंडल पूर्ण वेगात न्यावे आणि बंद करावे. थरथर त्या क्षणी नाहीशी झाली, तर दोष विजेचा आहे. एखादी वायर सैल असेल किंवा सेटिंग चुकले असेल. थरथर वेगाबरोबर हळूहळू उतरली, तर दोष वजनाचा किंवा बेअरिंगचा. मधल्याच एका वेगाला थरथर अचानक वाढून पुन्हा कमी झाली, तर तो वेग सांगाड्याच्या तालाशी जुळतो. तो वेग टाळून काम करावे. बऱ्याच ड्राइव्हमध्ये असा वेग गाळून पुढे जाण्याची सोय असते. ४०० हर्ट्झला २४,००० फेरे घेणाऱ्या स्पिंडलसाठी ड्राइव्हची मूळ वारंवारता मोटरच्या पाटीप्रमाणे ४०० च ठेवावी. ती ५० वर राहिली तर मोटर जळते.

जिवाची काळजी आधी

थरथर म्हणजे फक्त खराब माल नव्हे. थरथरणारे बिट सुटते किंवा तुटते, आणि ते कोठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क, मशीनपुढे जाड पारदर्शक पत्रा आणि हाताशी वीज तोडणारे बटण, एवढे असल्याशिवाय मशीन चालू करू नये. ओढणी, सैल बाही आणि लहान मुले मशीनपासून दूर ठेवावीत. घरातल्या खोलीत मशीन ठेवणाऱ्यांनी याचा विशेष विचार करावा.

आमच्या भाच्याने ठसे पुन्हा कोरून दिले. लाकडाचा खर्च आम्ही सोसला आणि कारखानदाराने ते ठेवून घेतले. मशीन अजून कौशातच आहे. तिच्या शेजारी भिंतीवर डायल गेज टांगलेला असतो, आणि नवे बिट आले की भाचा ते आधी व्हर्नियरखाली धरतो. ज्यांच्या मशीन आज थरथरत आहेत, त्यांनी बाजारात जाण्याआधी वहीत तीन आकडे लिहून काढावेत : दांड्याचे माप, खाचेची रुंदी आणि खुणांचे अंतर. बहुतेक वेळा बाजारातून काय आणायचे, आणि काही आणायचे आहे की नाही, हे त्या तीन आकड्यांतूनच कळते.